मी काय तुमची बटीक आहे?

 

आजचा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो. तो एका भांडणातून आला. आवणीचे दिवस होते, पाऊस धो धो पडत होता आणि गटाची बैठक ठेवली होती. सतरंजी घालायची, चहा ठेवायचा, शेवटी भांडी घासायची, हे काम दर वेळी एकाच बाईवर पडत होतं. त्या दिवशी तिनं पातेलं खाली आपटलं आणि म्हणाली, "म्या काय तुमची बटीक हाय का?" सगळ्या गप्प झाल्या. तेवढ्यात आमच्यातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या पोरीनं विचारलं, "मावशी, बटीक म्हणजे काय ओ?"

शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे. सासूशी, नवऱ्याशी, जावेशी भांडताना आपण तो हमखास वापरतो. पण अर्थ नीट कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणालं मोलकरीण, कुणी म्हणालं घरगडीण. एका आजीनं मात्र मान हलवली. "मोलकरणीला मोल असतं गं. बटकीला मोल नसतं. तिचंच मोल केलेलं असतं."

आजीचं बरोबर होतं. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. मोल्सवर्थ साहेबानं १८३१ साली छापलेल्या मराठी-इंग्रजी कोशातही बटीक म्हणजे गुलाम बाई असाच अर्थ दिलेला आहे. गुलाम म्हटलं की आपल्याला सिनेमातले साखळदंड घातलेले परदेशी लोक आठवतात. पण गुलामी आपल्या पुण्यात होती, आपल्या मराठीत होती, आणि तिच्यात बायकाच जास्त होत्या. म्हणून आम्ही वाचायला बसलो. एका निवृत्त गुरुजींनी पुस्तकं मिळवून दिली, न कळलेलं समजावून सांगितलं. त्यातलं जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

पेशव्यांच्या काळात, म्हणजे १८१८ पर्यंत, सरकारी कागदांत या बायकांसाठी आणखी एक शब्द येतो: कुणबीण. ऐकून दचकू नका. कुणबी समाजाच्या सगळ्या बायका गुलाम होत्या असा याचा अर्थ नाही. विकत घेतलेल्या बाईला सरसकट कुणबीण म्हणत. मुलग्यांना पोरगे म्हणत. आता नाव कुणबीणच का पडलं असावं? आमचं मत असं, की हिच्या हाताचा स्पर्श चालतो, ही शिवाशिवीच्या पलीकडची नाही, हे त्या नावातच सांगून टाकलेलं असे. म्हणजे बाईचं स्वातंत्र्य गेलं, घर गेलं, गाव गेलं, आईबापांनी ठेवलेलं नावही बहुतेक गेलं, पण जात तेवढी बरोबर आली.

या बायका यायच्या कुठून? काही लढायांत धरून आणलेल्या. काही दुष्काळात आईबापांनी धान्यासाठी विकलेल्या. काही लहानपणी पळवून नेलेल्या, बेपाऱ्यांनी इकडून तिकडे विकलेल्या. त्या विक्रीवर सरकार जकातही घेई. काही कुणबिणीच्याच पोटी जन्मलेल्या. आणि काही बायकांना सरकारनंच गुलाम केलेलं होतं. एखादीवर बदकर्माचा, म्हणजे परपुरुषाशी संबंधाचा ठपका आला, की तिला धरून सरकारी कामाला लावत. अशा बायकांना किल्ल्यांवरही पाठवत.

किल्ल्यांवर म्हटलं की आपले कान टवकारतात. आपला लोहगड उत्तर पेशवाईत नाना फडणवीसांच्या ताब्यात होता. गडावरची मोठी बाव १७८९ सालची. तिच्या शिलालेखात नानांचं नाव आहे आणि देखरेख करणारे धोंडो बल्लाळ नितसुरे यांचं नाव आहे. चुना कालवणाऱ्यांची, दगड वाहणाऱ्यांची, त्यांच्यासाठी दळण दळणाऱ्यांची नावं अर्थातच नाहीत. गडाला २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. पाहुण्यांना गड दाखवताना आपण दरवाज्यांची नावं सांगतो, विंचूकाटा दाखवतो. यापुढे बावेपाशी थांबल्यावर शिलालेखात नसलेल्या माणसांबद्दलही चार शब्द सांगायचे, असं आम्ही आपसात ठरवलंय.

तर सरकारी कुणबिणींना कामं कसली? धान्याच्या कोठीत दळण-कांडण, निवडण-पाखडण. पागेत घोड्यांची लीद काढणं, चारा टाकणं. गुरांच्या थट्टीत शेणगोठा. बांधकामावर दगडमाती वाहणं. वाड्यात झाडलोट, भांडी, पोरं सांभाळणं. पगार नाही. पोटाला धान्य, अंगाला लुगडं. आता यातली बरीच कामं आपण रोजच करतो, त्यामुळे त्यांचं वजन आपल्याला वेगळं सांगायला नको. पण आम्हाला वाचताना खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीनं. आम्हाला वाटलं होतं, गुलाम म्हणजे सगळ्या एकसारख्या. सगळ्याच खाली, मग त्यांच्यात वरखाली कसली? पण तसं नव्हतं. गुलामीतही शिडी होती, आणि तिच्या पायऱ्या चांगल्या जवळजवळ होत्या.

पहिली पायरी जातीची. कुणबीण विकत घेताना तिची जात विचारत, कारण घरात कुणाचा वावर चालेल हे त्यावर ठरे. स्पर्श चालणाऱ्या जातीची असली तर ती वाड्याच्या आत येई, पोराला कडेवर घेई, दळण दळी. ज्या जातींना अस्पृश्य मानत त्यांतली असली तर पागा, गोठा, बाहेरची मेहनत. बेपारी खोटं सांगत. स्वतःची सुटका करता येत नसली तरी निदान पागेतून वाड्यात जाता यावं म्हणून एखादी बाई स्वतःही जात लपवत असेल. मग कधीतरी ते उघडकीला येई. तिच्या हातचं ज्यांच्या घरात चाललं होतं त्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागे. आता यातली गंमत बघा, गंमत कसली, दैना बघा. बाई विकत घेतली याचं प्रायश्चित्त नाही. तिला आईपासून तोडली याचं नाही. चुकीच्या जातीची घेतली, याचं मात्र आहे.

दुसरी पायरी रूपाची आणि गळ्याची. दिसायला चांगल्या, आवाज चांगला, अशा पोरींना निवडून नाचगाणं शिकवत. त्यांना नाटकशाळा म्हणत. आपल्याला वाटेल नाटकशाळा म्हणजे थिएटर. पण तेव्हा हा शब्द बाईसाठीच वापरत. नाटकशाळेला चांगलं लुगडं, अंगावर दागिना, मर्जी असेल तोवर हाताखाली माणसं. पागेतल्या कुणबिणीनं तिच्याकडे बघून काय म्हटलं असेल? "हिचं नशीब." आणि नाटकशाळेनं पागेकडे बघून? मर्जी उतरली की आपण कुठे जाणार, हे तिला रोज खिडकीतून दिसत असणार.

मर्जीवर किती वर जाता येत होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण साताऱ्यातलं आहे. विरूबाई. छत्रपती शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेत असताना त्यांच्या लग्नात आंदण आलेली दासी, असं तिच्याबद्दल सांगतात. (आंदण हा शब्दही आपल्या तोंडात आहे. "आंदण दिलंय का तुला?" असं आपण म्हणतो, तेव्हा कोणे एके काळी आंदणात भांड्यांबरोबर माणसंही दिली जात हे विसरतो.) महाराज सुटून आल्यावर साताऱ्याच्या वाड्यात सगळा कारभार विरूबाईच्या हाती होता. राण्या होत्या, पण चाले ते विरूबाईचं. ती १७४० साली वारली तेव्हा अक्कलकोटच्या फत्तेसिंह भोसल्यांनी मुलाच्या नात्यानं तिची उत्तरक्रिया केली. दासी म्हणून आलेल्या बाईला असा मान! आमच्यातल्या काही जणी ऐकून खूश झाल्या. "म्हणजे हिकमत असली की बाई वर जातेच." आजी म्हणाल्या, "अगं, पण तिच्या वाड्यात झाडू कोण मारत होतं?" आजी कमी बोलतात, पण बोलतात तेव्हा असं बोलतात. विरूबाई वर गेली म्हणून वाड्यातल्या दासी कमी झाल्या नाहीत. आणि तिचं वर असणं महाराजांच्या मायेवर होतं, कुठल्या हक्कावर नव्हतं.

पुरुषांची शिडी जरा निराळी होती. मलिक अंबर आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. आफ्रिकेत, हबसाणात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हात बदलत बदलत अहमदनगरला आलेला. त्याला विकत घेणारा चंगीझखान हा निजामशाहीचा पेशवा, आणि तोही मूळचा हबशी गुलामच. धन्याच्या मृत्यूनंतर मलिक अंबर मोकळा झाला, तलवारीच्या जोरावर वर चढला आणि १६२६ साली मरेपर्यंत त्यानं मोगलांना दमवलं. गुलाम पुरुषाच्या हातात तलवार दिली जाई, म्हणून त्याला स्वतःच्या नावाची वाट सापडू शके. कुणबिणीच्या हातात जातं होतं. जात्यानं कोणी सरदार होत नाही.

आता तिसरी पायरी, पोरांची. कुणबिणीला धन्यापासून मूल झालं तर? मुलगा वाड्यात वाढे, पण पंगतीत बसत नसे. त्याला लेकवळा म्हणत. आणखी एक शब्द आहे, अकरमासा. पूर्वी सोनं मोजताना बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे म्हणजे पुरता तोळा नाही, एक मासा कमी. माणसाला माशानं मोजायची ही रीत इतकी मुरली, की शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मकथेला तेच नाव दिलं, 'अक्करमाशी'. कायद्यातही भेद होता. बाप शूद्र मानलेल्या जातीचा असेल तर दासीच्या मुलाला वाटा मिळू शके; बाप वरच्या तीन वर्णांतला असेल तर फक्त पोटगी. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या न्यायालयांनीही हाच जुना नियम धरून निकाल दिले. म्हणजे दोन कुणबिणींची दोन पोरं, दोघांची आई विकत घेतलेली, पण एकाला जमीन आणि दुसऱ्याला भाकरी.

इथवर वाचून झालं तेव्हा आमच्यातली एक बाई उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळानं आली. मग तिनं सांगितलं की तिच्या आजोळच्या घराला गावात लेकवळ्याचं घर म्हणायचे. लहानपणी तिला वाटायचं ते आडनावासारखंच काहीतरी आहे. सोयरिकी जमायच्या नाहीत तेव्हा मोठी माणसं कुजबुजायची. आईनं मरेपर्यंत अर्थ सांगितला नाही. "मला आज कळलं," एवढंच ती म्हणाली. आम्ही त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

नंतरच्या बैठकीत तिनंच पुस्तक उघडायला लावलं, आणि पुढचं पान निघालं सुटकेचं. कुणबीण सुटू शकत होती का? शकत होती. म्हातारी झाली, काम होईना, तर सोडत. नातेवाइकांनी पैसे भरले तर सोडत. आणि तिसरा मार्ग असा, की तिच्या बदल्यात दुसरी कुणबीण आणून द्यायची. हे आम्ही दोनदा वाचलं. म्हणजे एखाद्या बाईचा भाऊ किंवा लेक तिला सोडवायला आला, तर त्यानं दुसऱ्या कुठल्या तरी आईची लेक विकत घ्यायची आणि हिच्या जागी उभी करायची. सरकारच्या यादीत बायकांची संख्या तितकीच राहायची. भाऊ वाईट होता का? त्याला बहीण हवी होती. त्या नियमातच अशी सोय होती, की एकीच्या सुटकेचा आनंद दुसरीच्या रडण्यावरच उभा राहावा. धन्याला त्यात काहीच गमवावं लागत नव्हतं.

आम्हाला वाटतं या शिडीचा उपयोगही तोच होता. पागेतलीला वाड्यात जायचं असे, वाड्यातलीला मर्जीत यायचं असे, मर्जीतलीला आपल्या पोराला वाटा हवा असे. प्रत्येकीची नजर शेजारणीवर. वरच्या माणसाकडे बघायला उसंतच नाही. आणि पायरी दिली कोणी? धन्यानं. काढून घेणारही तोच.

याला कोणी अटकाव केलाच नव्हता असं नाही. शिवाजी महाराजांनी १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात आपल्या मुलखात बायका-पुरुष गुलाम म्हणून विकत घ्यायला आणि विकायला मनाई केली होती. पण पुढे पुण्यात बाजार चालूच राहिला. १८२० च्या सुमाराला डॉक्टर थॉमस कोट्स यांनी पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी लिहिली, तेव्हा साध्या शेतकऱ्यांच्या घरीही त्यांना गुलाम आढळले. पुढे १८४३ साली इंग्रज सरकारनं कायदा केला. त्यात एवढंच म्हटलं होतं, की अमकी माझी गुलाम आहे हा दावा यापुढे कोर्ट मानणार नाही. दवंडी नाही, साखळी तोडणं नाही. वाड्यातल्या कुणबिणीला हे सांगणार कोण? माणसं विकणं-घेणं हा शिक्षेचा गुन्हा झाला तो दंडसंहिता आल्यावर, १८६२ पासून.

त्याच काळात घाटाखाली मुंबई बंदरात दुसरीच गुलाम माणसं उतरत होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबांची गलबतं माणसं भरून नेत. इंग्रजांचं आरमार ती गलबतं अडवी, आणि सुटलेली पोरंबाळं मुंबईला आणी. ही सुटलेली, म्हणजे आता तरी सगळी सारखी? नाही. काही मुलगे डोंगरीत राहून आगबोटींवर कोळसा मारायला गेले. काही मुली साहेबांच्या आणि शेठ लोकांच्या घरी कामाला दिल्या. आणि काही मुलं मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूरला नेली. तिथे त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकी, लोहारकी शिकवली. मुलींना शिवणकाम.

शरणपूरच्या अशाच एका मुलाचं नाव जेकब वेनराइट. प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ साली आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह शेकडो कोस किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. सुसी आणि चुमा हे दोघे मात्र साहेबांबरोबर कितीतरी वर्षं राहिलेले, जुने सोबती. पण १८७४ साली लंडनला अंत्यविधी झाला तेव्हा देहाबरोबर नेलं ते जेकबला, कारण त्याला चांगलं इंग्रजी येत होतं. सुसी आणि चुमा पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

पुढे १८७५ च्या सुमाराला नाशिक-मुंबईची ही मंडळी आफ्रिकेतल्या मोंबासा बंदराजवळ नव्या वसाहतीत गेली. तिचं नाव फ्रेरटाऊन. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्यावरून ठेवलेलं. तिथे गलबतांवरून नव्यानं सुटलेली माणसं येत, अंगावर धड कपडा नसलेली, भाषा न कळणारी. आपली नाशिकची मंडळी त्यांचे मास्तर झाले, मुकादम झाले. त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत आणि त्यांना त्या नावाचा अभिमान होता. नव्यांपेक्षा आपण वेगळे, असं त्यांना वाटे. आणि तेच मिशनऱ्यांकडे आपल्या पगाराची, आपल्या मानाची गोष्ट काढत, तेव्हा ते फार शेफारलेत असं त्यांना ऐकावं लागे. वीस वर्षांपूर्वी ही सगळी पोरं तशाच गलबतांच्या तळाशी होती.

हे वाचून झालं तेव्हा चहाची वेळ झाली होती. पातेलं आपटणारी आमची मैत्रीण जागची हलली नाही. आम्ही दोघीतिघी एकमेकींकडे बघत राहिलो, मग ज्यांनी आजवर कधी गटाच्या चुलीकडे पाहिलं नव्हतं त्यांतली एक उठली. तिनं साखर जरा जास्तच टाकली.

आजोळची गोष्ट सांगणाऱ्या आमच्या मैत्रिणीनं ती इथे सांगायला परवानगी दिली, गावाचं नाव घ्यायचं नाही या अटीवर. तुमच्याकडेही बटीक, आंदण, लेकवळा असे जुने शब्द, जुनी घरं, जुन्या कुजबुजी असतील. आपल्या गटाच्या ताईंकडे सांगा किंवा चिठ्ठी पाठवा; नाव नको असेल तर घेणार नाही. पुढच्या वेळी वेठबिगारीबद्दल आणि १९७६ च्या कायद्याबद्दल बोलू.